मुलावर शेरा मारण्याआधी: ठाणे आणि नवी मुंबईच्या शिक्षणाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी, ठाणे महानगरपालिका आणि नवी मुंबई महानगरपालिका,
तसेच दोन्ही शहरांतल्या सर्व माध्यमांच्या प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक

सप्रेम नमस्कार.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील. दारात रांगोळ्या निघतील, पहिलीच्या मुलांना फुलं आणि पुस्तकं मिळतील, फोटो काढले जातील. त्यानंतर थोड्याच दिवसांत बालवाडीच्या आणि पहिलीच्या वर्गांतून ठरावीक शेरे ऐकू यायला लागतात. ‘मारकुटा आहे.’ ‘एका जागी बसत नाही.’ ‘विचारलं तर तोंड उघडत नाही.’ ‘घरी वळणच नाही.’ गणपतीपर्यंत हे शेरे पक्के होतात आणि दिवाळीच्या सुट्टीआधीच ते मूल वर्गाच्या दारात, शेवटच्या बाकावर किंवा घरी पोचलेलं असतं. तीन ते आठ वर्षांच्या या मुलांबद्दल हे पत्र आहे. असा शेरा मारण्याआधी शाळेने काय करायचं हे आपण लेखी ठरवून द्यावं, एवढीच माझी मागणी आहे.

मी कळव्याला राहते. नोकरीची सगळी वर्षं बालवाडी आणि पहिलीला शिकवण्यात गेली. आता ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शाळांत जाते, वर्गात मागे बसते आणि बाईंसोबत मुलांच्या नोंदी करते. म्हणून जे लिहिते आहे ते वर्गात बसून पाहिलेलं आहे.

आपल्या वर्गांत कोण कोण येतं ते तुम्ही जाणताच. दिघा, तुर्भे, रबाळे भागात दगडखाणींवर आणि मजूर नाक्यांवर कामाला जाणाऱ्या बंजारा आणि वडार घरांतली मुलं. त्यांतली काही यवतमाळ-सोलापूरकडची, काही कर्नाटकातल्या विजयपूर-कलबुर्गीची. वागळे इस्टेटच्या आणि टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांभोवती भोजपुरी आणि अवधी बोलणारी घरं. मुंब्र्यात उर्दू. येऊरच्या पाड्यांवर वारली. घणसोली, ऐरोली, दिवाळे या मूळ गावांत आगरी-कोळी. सोसायटीच्या गेटशेजारच्या खोलीत राहणारी नेपाळी कुटुंबं. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयावरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि २९ जूनला शासनाने ते निर्णय मागे घेतले. मराठीसाठी लोक उभे राहिले याचा मला आनंदच आहे. पण त्या सगळ्या चर्चेत, ज्याच्या घरी मराठीही नाही आणि शाळेतली हिंदीही नाही, असं मूल कोणाच्या तोंडी आलं नाही. आपल्या दोन शहरांत अशी मुलं वर्गावर्गात आहेत.

चार-पाच वर्षांचं मूल शाळेत येतं तेव्हा कसं वागायचं हे घरून शिकूनच आलेलं असतं. फक्त ते शिक्षण शाळेच्या शिक्षणाशी जुळत नाही. मोठं माणूस रागावलं की नजर खाली ठेवायची हे अनेक घरांत पक्कं ठसवलेलं असतं, आणि शाळेत बाई म्हणतात, ‘माझ्याकडे बघ, मी तुझ्याशी बोलतेय.’ मूल आणखी खाली बघतं, बाईंचा आवाज आणखी चढतो. आगरी किंवा वारली घरातलं मूल बाईंना सहज ‘तू’ म्हणतं आणि त्याला उद्धट ठरवलं जातं. ज्या खोलीत सगळ्यांचं सगळं एकच असतं, तिथून आलेलं मूल शेजारच्या दप्तरातली पेन्सिल उचलतं. त्याच्या लेखी ती चोरी नसते. खडी फोडणाऱ्या मशीनच्या शेजारी वाढलेलं मूल मोठ्याने बोलतं, कारण हळू बोललेलं तिथे कोणालाच ऐकू जात नाही.

आणि गप्प राहणारी मुलं. नवी भाषा कानावर पडायला लागली की लहान मूल बरेचदा काही आठवडे, कधी काही महिने नुसतं ऐकत राहतं. भाषाशिक्षणातल्या अभ्यासकांनी हा गप्प काळ पुष्कळ वेळा नोंदवला आहे. घरी ते मूल भरपूर बडबड करत असतं. शाळेत मात्र त्याच्या नावापुढे ‘मंद’ लिहून होतं. घरीही बोलत नसेल तर गोष्ट वेगळी, तिथे तपासणी लगेच व्हायला हवी. पण हा फरक कळायला घरी काय चाललंय हे कोणीतरी विचारावं लागतं.

एका शाळेत पाहिलेलं सांगते. पहिलीतला मुलगा, सहा वर्षं पूर्ण व्हायची होती. घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलणारे, आई-वडील दोघंही सकाळीच नाक्यावर जाणारे. तक्रार अशी की मधेच उठून पळतो, दारात कोणी अडवलं तर ढकलतो, एकदा तर मॉनिटर मुलीच्या हाताला चावला. वडिलांना बोलावून झालं होतं. त्यांचा एक दिवसाचा रोज बुडाला आणि मुलाला घरी मार बसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पळाला.

वर्गाच्या बाई कष्टाळू होत्या आणि दमलेल्या होत्या. आम्ही दोघींनी एका कागदावर तीन रकाने आखले: आधी काय झालं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. शेजारी वेळ. ‘त्रास दिला’ असं लिहायचं नाही, डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं, असं ठरलं. आठवडाभराचा कागद समोर ठेवला तेव्हा बाई आधी काही बोलल्याच नाहीत. पळापळ दिवसभर नव्हतीच. जवळपास सगळी अकराच्या आसपास होती. त्या वेळी खालच्या मजल्यावरच्या बालवाडीत खाऊची सुट्टी होते, दार उघडतं आणि मुलांचा आवाज जिन्यातून वर येतो. त्या बालवाडीत त्याची तीन वर्षांची बहीण होती. घरी दिवसभर तिला सांभाळायचं काम त्याचंच होतं. खाली कोणी रडलं की त्याला ती रडते आहे असं वाटायचं.

तिसऱ्या रकान्याने आणखी एक गोष्ट दाखवली. पळाला की त्याला पकडून आणायचे आणि शिक्षा म्हणून व्हरांड्यात उभं करायचे. व्हरांड्याच्या कठड्यावरून बालवाडीचं दार दिसतं. म्हणजे ज्यासाठी तो पळत होता तेच त्याला शिक्षेतून मिळत होतं. शिक्षा वाढली असती तर पळणंही वाढलं असतं.

मग बाईंनी बालवाडीच्या सेविकेशी बोलून व्यवस्था केली. रोज अकराला हजेरीची चिठ्ठी खाली पोचवायचं काम त्याचं. दारातून बहिणीला बघायचं, हात करायचा, वर यायचं. त्याच्या बाकावर चार चित्रांची पट्टी चिकटवली: गाणं, पाटी, बहीण, खिचडी. एक झालं की त्यावर खडूने रेघ मारायची. चौथीतली एक मुलगी गोरमाटी बोलणारी होती. ‘पाणी’, ‘शू’, ‘दुखतंय’, ‘थांब’, ‘आई येणार’ एवढं तिच्याकडून बाई स्वतः शिकल्या. पळणं आधी कमी झालं, मग थांबलं. चावणं त्यानंतर पुन्हा झालं नाही. लिहायचं काम लांबलं की तो अजूनही शेजाऱ्याची वही ओढतो आणि बाई आता त्यावर काम करताहेत. चमत्कार काही झाला नाही. पण त्या वर्गात एक मूल टिकलं, आणि त्यासाठी एक कागद, चार चित्रं आणि दोन बायकांचं आपसातलं बोलणं लागलं.

या पद्धतीत माझं स्वतःचं असं काही नाही. लहान मूल असं वागतं तेव्हा त्यातून त्याला काहीतरी मिळवायचं असतं किंवा कशातून तरी सुटायचं असतं, आणि ते काय हे शोधल्याशिवाय उपाय करू नये, हे विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमांत शिकवलं जातं. बालवाड्यांसाठी परदेशात जे आराखडे वापरतात त्यांतही क्रम ठरलेला असतो. आधी सगळ्या वर्गासाठी: ओळखीचा चेहरा, नावाने हाक, रोजचा एकच क्रम, काय करायचं आहे ते चित्रातून दाखवणं, आणि बरं वागल्यावर त्याच क्षणी त्याचा उल्लेख. मग काही मुलांसाठी: राग आला तर काय करायचं, आपला नंबर येईपर्यंत कसं थांबायचं, हे खेळातून शिकवणं. आणि शेवटी अगदी मोजक्या मुलांसाठी स्वतंत्र योजना. आपल्याकडे मूल पहिल्या पायरीवर असतानाच ‘डॉक्टरांना दाखवा’ हे वाक्य येतं.

कोणाकडे आधी संशयाने बघितलं जातं हाही प्रश्न आहे आणि तो जगभर आहे. येल विद्यापीठातले वॉल्टर गिलियम यांनी २००५ साली दाखवलं की अमेरिकेतल्या सरकारी बालवाड्यांमधून मुलांना काढून टाकण्याचं प्रमाण बारावीपर्यंतच्या शाळांच्या तिपटीहून जास्त आहे. २०१३-१४ च्या तिथल्या सरकारी आकडेवारीत सार्वजनिक बालवाड्यांत कृष्णवर्णीय मुलं १९ टक्के होती आणि निलंबित झालेल्या मुलांत ४७ टक्के. मग २०१६ साली गिलियम यांच्या गटाने बालवाडीच्या शिक्षकांना चार मुलांची चित्रफीत दाखवली: एक कृष्णवर्णीय मुलगा आणि मुलगी, एक गोरा मुलगा आणि मुलगी. कोण खोड्या काढतंय ते शोधा, असं सांगितलं. त्या फितीत खोड्या नव्हत्याच. तरी नजर टिपणाऱ्या यंत्राने दाखवलं की शिक्षकांचे डोळे त्या कृष्णवर्णीय मुलावर जास्त वेळ होते. अमेरिकेचा वंशभेद आणि आपली जात, वस्ती, भाषा या वेगळ्या गोष्टी आहेत, मी त्या एक करत नाही. पण वर्गात काही फुटलं की आधी कोणाकडे मान वळते, हे आपल्या प्रत्येक शिक्षिकेने स्वतःशी तपासण्यासारखं आहे. अमेरिकेत हे उघड झालं कारण त्यांनी मोजणी ठेवली. आपल्याकडेही कोणत्या घरच्या मुलांवर तक्रारी लिहिल्या जातात आणि कोणती मुलं मधेच शाळा सोडतात याची नोंद दर वर्षी एकत्र मांडली जावी.

खरं तर यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. आज पालघर जिल्ह्यात असलेलं बोर्डी आणि कोसबाड २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. १९४५ साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ. वारली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्या बालवाडी त्यांच्या पाड्यावर, अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा नेली. धाकट्या भावंडांना सांभाळावं लागतं म्हणून मोठी मुलं शाळेला मुकतात हे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणणारी विकासवाडी उभी केली. वर सांगितलेल्या मुलाला विकासवाडीत बहिणीसाठी जिना उतरून पळावं लागलं नसतं. ज्या जिल्ह्यात हे घडलं तिथे आज बालवाडी आणि पहिली एकाच इमारतीत असूनही दोन्हीकडच्या बाई एकमेकींशी वर्षभर बोलत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांची सिग्नल शाळा चालते आहे. मुलं जिथे राहतात तिथे शाळा जाऊ शकते, हे आपल्या शहराने अलीकडेही करून दाखवलेलं आहे.

कायद्याबद्दल थोडं लिहिते, कारण मुख्याध्यापक मला तेच विचारतात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. १६ व्या कलमाने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण या कायद्यात बालक म्हणजे ६ ते १४ वर्षांचं मूल. बालवाडीतली तीन-चार वर्षांची मुलं त्यात येतच नाहीत. त्यामुळे ‘उद्यापासून दोनच तास पाठवा’, ‘थोडं मोठं झालं की आणा’ असं तोंडी सांगून त्यांना सहज घरी बसवलं जातं, आणि त्याचा कागद कुठेच नसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. टप्पा एक असेल तर त्या टप्प्यातल्या मुलाचं संरक्षणही सहाव्या वाढदिवसाची वाट बघत थांबायला नको.

वयाचाच आणखी एक मुद्दा आहे. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल त्या जूनमध्ये पहिलीत येतं. म्हणजे एकाच वर्गात साडेसहा वर्षांचं मूल असतं आणि साडेपाच वर्षांचंही. या वयात वर्षभराचा फरक फार मोठा असतो. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांवर अतिचंचलतेचा शिक्का जास्त बसतो हे कितीतरी देशांतल्या अभ्यासांत आढळलं आहे. हजेरीपटावर नावापुढे जन्ममहिना लिहिलेला असला तरी बाईंची अपेक्षा बदलेल.

आणि कान. सर्दीने, कान वाहिल्याने कमी ऐकू येणारं मूल हाकेला ओ देत नाही, सूचना पाळत नाही, शेजाऱ्याचं बघून करतं. त्याला हट्टी म्हणणं सोपं पडतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातून, पालघरहून सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासायची असतात. वागण्याची तक्रार असलेलं मूल त्या दिवशी हजर असेल आणि त्याचे कान, डोळे, दात नीट पाहिले जातील, एवढं मुख्याध्यापकांनी स्वतः बघावं. भूक आणि झोपही विचारावी. स्वमग्नता (ऑटिझम) किंवा दुसरं काही खरोखर असेल तर मदत जितकी लवकर मिळेल तितकी चांगली, यात शंका नाही. नवी मुंबई महापालिकेचं वाशीचं ईटीसी हे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र त्यासाठीच आहे. तिथले विशेष शिक्षक अधूनमधून बालवाडीच्या आणि पहिलीच्या वर्गात येऊन बसले, तर कोणत्या मुलाला केंद्रात न्यायची गरज आहे आणि कोणाला फक्त भाषेची ओळख हवी आहे, हे बाईंना त्यांच्यासोबतच शिकता येईल.

हे सगळं बाईंच्या माथी मारावं असं मला मुळीच म्हणायचं नाही. कायद्याने तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. प्रत्यक्षात पट कसा असतो, आणि निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती यांत बाईंचे किती दिवस जातात, हे तुमच्या टेबलावरच्या कागदांतून तुम्हाला दिसतं. म्हणून पहिली विनंती तुमच्या अखत्यारीतली: जून आणि जुलै हे दोन महिने बालवाडीच्या आणि पहिलीच्या शिक्षिकांना वर्गाबाहेरचं कोणतंही काम देऊ नये. वर्गाची घडी याच दिवसांत बसते किंवा बिघडते.

दुसरं, पहिलीत येणाऱ्या मुलांसाठीचा ‘पहिले पाऊल’चा शाळापूर्व तयारी मेळावा. तिथे नोंदणीच्या टेबलावर आई समोर बसलेली असते. तिला तेव्हाच विचारता येईल: घरी कोणती भाषा बोलता, दिवसभर मुलाजवळ कोण असतं, धाकटं भावंड आहे का, मूल कशाला घाबरतं, रडलं तर कशाने शांत होतं. यूडायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीत मातृभाषेचा रकाना आहेच, पण मी पाहिलेल्या बऱ्याच नोंदींत तिथे शाळेचं माध्यमच लिहिलेलं असतं. आईला विचारून तो रकाना भरावा आणि ती माहिती कार्यालयात न ठेवता वर्गाच्या बाईंच्या हातात द्यावी.

तिसरं, तीन रकान्यांचा कागद. किमान आठवडाभराची अशी नोंद असल्याशिवाय कोणत्याही लहान मुलाबद्दल पालकांना तक्रारीसाठी बोलावू नये. आणि बोलवायचंच असेल तर त्यांचा रोज बुडणार नाही अशा वेळी बोलवावं, घरची भाषा जाणणारं कोणीतरी सोबत घ्यावं, आणि मूल काय चांगलं करतं हे आधी सांगावं. वडिलांच्या हाती फक्त तक्रार दिली की ती घरी जाऊन मार होते. तोंडी अर्धा दिवस घरी पाठवण्यावर दोन्ही महापालिकांनी बालवाडीसकट बंदी घालावी. तशी वेळ आलीच तर मुख्याध्यापकांच्या सहीने, कारण आणि मुदत लिहून.

घरची भाषा बोलणारं माणूस वर्गाजवळ असणं ही खर्चाची गोष्ट नाही. वस्तीतली एखादी आजी, दहावी झालेली मुलगी, शाळेच्या मदतनीस ताई. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांतली एक जागा नाक्यावर जाणाऱ्या आईला मिळाली आणि सभा संध्याकाळी झाली, तर माणसं आपोआप सापडतील. सुरुवातीचे दोन आठवडे रोज तासभर अशी एक व्यक्ती वर्गात बसली, तरी मुलाला कळतं की इथे आपलं कोणीतरी आहे.

जूनमधल्या शाळापूर्व तयारीच्या दुसऱ्या मेळाव्याआधी या सगळ्याचं परिपत्रक निघावं ही आग्रहाची विनंती. तीन रकान्यांच्या कागदाचा नमुना, चित्रांच्या पट्ट्या आणि गोरमाटी, भोजपुरी, वारली, उर्दू, नेपाळी आणि कन्नड भाषांतली रोज लागणारी वाक्यं देवनागरीत लिहून मी आणि माझ्यासोबतच्या शिक्षिका दोन्ही कार्यालयांत आणून देऊ. प्रशिक्षणासाठी बोलावलंत तर मानधन न घेता येऊ. फक्त ते प्रशिक्षण सभागृहात न ठेवता एखाद्या पहिलीच्या वर्गात, मुलं समोर असताना ठेवावं.

आपली,
एक बालशिक्षिका
कळवा, ठाणे